आधी ड्रॅगन वाचा, मग वेलांटी तपासा



पाचवी-सहावीच्या वर्गात 'मनानं एक गोष्ट लिहा' असं सांगून बघा. हल्ली दोन-तीन वह्यांत तरी ड्रॅगन निघतोच. कार्टून, मोबाईलवरचे गेम, हॅरी पॉटरचे सिनेमे, कुठून तरी तो लेकरांच्या डोक्यात शिरलेला असतो. आता तर तो शिवारातही आलाय. कमी पाण्यावर येतं म्हणून आपल्याकडच्या काही शेतकऱ्यांनी ड्रॅगन फ्रूट लावलंय. सिमेंटच्या खांबावरून लोंबणाऱ्या त्या काटेरी फांद्या बघून मुलं विचारतात, "सर, याला ड्रॅगन का म्हणतात? ड्रॅगन खरंच असतो का?"

या प्रश्नाला आपल्याकडं दोन उत्तरं तयार असतात. पहिलं, "असलं काही नसतं, अभ्यास कर." दुसरं, "हे परदेशी खूळ आहे, आपलं काही लिही." आणि गोष्ट लिहून झालीच असेल, तर आपण लाल पेन काढतो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांवर गोल करतो, खाली सही करतो. ड्रॅगनबद्दल एक शब्दही बोलत नाही.

माझं म्हणणं असं, की ड्रॅगनची गोष्ट हा वेळेचा अपव्यय नाही. नीट घेतली तर भाषा, तर्क आणि विवेक या तिन्ही गोष्टी तिच्यातून शिकवता येतात. फक्त दोन पथ्यं पाळावी लागतात. मुलानं आयता ड्रॅगन उतरवून काढू नये, स्वतःचा रचावा. आणि आपण तो आधी वाचावा, वेलांटी नंतर तपासावी.

सात वर्षांच्या मुलाची गोष्ट

इंग्लंडमध्ये जे. आर. आर. टॉल्किन नावाचे भाषेचे प्राध्यापक होऊन गेले. 'द हॉबिट' (१९३७) आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) ही त्यांची पुस्तकं. त्यांनी स्वतःचं एक अख्खं जग रचलं. त्या जगाचे नकाशे, तिथल्या भाषा, राजघराणी, पुराणकथा, सगळं काही. आज गेममध्ये आणि सिनेमात दिसणाऱ्या कितीतरी ड्रॅगनांचे आजे-पणजे या जगात सापडतात.

हे टॉल्किन साधारण सात वर्षांचे असताना त्यांनी पहिल्यांदा गोष्ट लिहायला घेतली. ती ड्रॅगनची होती. १९५५ साली लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी ही आठवण सांगितली आहे. गोष्टीत काय होतं ते पार विसरून गेले होते. लक्षात राहिली होती ती आईनं केलेली दुरुस्ती. 'हिरवा मोठा ड्रॅगन' असं त्यांनी लिहिलं होतं. आई म्हणाली, असं म्हणत नाहीत, 'मोठा हिरवा ड्रॅगन' म्हणायचं. मराठीत दोन्ही चालून जातं, पण इंग्रजीत विशेषणांचा क्रम ठरलेला असतो. ड्रॅगनबद्दल मात्र आई काहीच बोलली नाही. त्यानंतर बरीच वर्षं आपण गोष्ट लिहायला घेतल्याचं टॉल्किनना आठवत नव्हतं. ते भाषेच्याच मागे लागले.

आईची दुरुस्ती चुकीची नव्हती. तिनंच त्यांना लॅटिनची गोडी लावली आणि पुढं ते भाषेचे मोठे अभ्यासक झाले. म्हणजे शुद्धलेखन तपासूच नका, असं मी म्हणत नाही. पण एवढ्या मोठ्या लेखकाच्या मनात सुद्धा पन्नासेक वर्षं काय राहिलं? आपण ड्रॅगन दाखवला आणि समोरच्या माणसानं विशेषण पाहिलं, हे. आपल्या वर्गात असे किती जण बसलेत, कोणास ठाऊक. त्यांच्यातला प्रत्येक जण टॉल्किन होणार नाही, हे खरं. पण 'मी लिहिलेलं कुणीतरी वाचतं' हा विश्वास तर प्रत्येकाला हवाच.

ड्रॅगन खरंच परका आहे का?

शब्द परका आहे, प्राणी नाही. ऋग्वेदात वृत्राची गोष्ट आहे. वृत्र म्हणजे झाकणारा, अडवणारा. त्याला 'अहि' म्हणजे सापही म्हटलंय. त्यानं डोंगरात पाणी कोंडून ठेवलं. इंद्रानं वज्र मारून त्याला ठार केलं आणि नद्या मोकळ्या वाहू लागल्या. पाणी अडवून बसलेला अजस्र साप! दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या बीडच्या लेकराला ही गोष्ट समजावून सांगावी लागेल का?

आपल्या परळीचंच बघा. समुद्रमंथनातून निघालेलं अमृत आणि धन्वंतरी देवांनी इथल्या शिवलिंगात लपवले, अशी वैद्यनाथाची आख्यायिका घरोघरी सांगतात. त्या मंथनात दोरी कोण होता? वासुकी नाग. मंदार पर्वताला वेढा घालून देव आणि दैत्य दोघांनी ज्याला ओढला, तो केवढा असेल, याचा हिशोब मुलांना करायला लावा. गणिताचा तास आपोआप सुटतो.

जुन्या देवळात गेलात तर उंबरठ्यावर कीर्तिमुख दिसतं. वटारलेले डोळे, सुळे, आणि धड नाहीच. शंकरानं त्याला स्वतःलाच खायला सांगितलं आणि त्यानं तोंड तेवढं शिल्लक ठेवून बाकी सगळं खाऊन टाकलं, अशी त्याची पुराणकथा आहे. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं, तिथं बऱ्याचदा मकरमुख असतं. थोडी मगर, थोडा हत्ती, थोडा मासा. किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो. आणि गुप्तधनावर वेटोळं घालून बसलेला भुजंग तर प्रत्येक गावच्या पारावर ऐकायला मिळतो. टॉल्किनचा स्माउग नावाचा ड्रॅगनही डोंगराच्या पोटात सोन्याच्या ढिगावर झोपलेला असतो. चीनमध्ये उलट. तिथला ड्रॅगन पाऊस देतो, शुभ समजला जातो.

मग परका कोण आणि आपला कोण? माणूस जिथं राहतो तिथं त्याला ज्याची भीती वाटते आणि जे हवंहवंसं वाटतं, ते एका जनावरात एकत्र करतो. त्या जनावराला कुणी वृत्र म्हणतं, कुणी ड्रॅगन. मुलानं वहीत 'ड्रॅगन' लिहिलं म्हणून त्याचं मराठीपण कमी होत नाही. गोष्ट कुठल्या मातीतली आहे, ते बघा.

कल्पनेलाही नियम असतात

"कल्पना म्हणजे काय, मनाला येईल ते लिहायचं," असं पुष्कळांना वाटतं. तसं लिहिलेली गोष्ट कंटाळवाणी होते. ड्रॅगन येतो, आग ओकतो, हिरो त्याला मारतो, संपलं. का आला, कसा मेला, कशाला काही कारण नाही.

टॉल्किनच्या जगात ड्रॅगनांनाही शिस्त आहे. पहिला ड्रॅगन ग्लाउरुंग, त्याला पंख नाहीत. तो सरपटतो आणि आग ओकतो. पंखांचे ड्रॅगन त्याच्या फार नंतर येतात. स्माउग वर्षानुवर्षं रत्नांच्या ढिगावर पडून असल्यामुळं ती रत्नं त्याच्या पोटाला चिकटून त्यांचं चिलखत झालंय. पण छातीच्या डाव्या बाजूला एक जागा उघडी राहिलीय. शेवटी बाण नेमका तिथंच लागतो. आधी सांगितलेल्या गोष्टीतूनच पुढची गोष्ट निघते.

हे आपल्याला नवीन नाही. हिरण्यकशिपूचा वर आठवा. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, घराबाहेर नाही, माणसाकडून नाही, पशूकडून नाही. आणि मग संध्याकाळी, उंबरठ्यावर, नरसिंह. एकही अट न मोडता काढलेली वाट! भस्मासुराची गोष्ट तशीच. ज्याचा प्राण सात समुद्रापलीकडच्या पोपटात आहे, तो राक्षसही तसाच. नियम बांधायचा आणि त्यातूनच सुटका शोधायची, ही आपल्या पुराणांची आणि आजीच्या गोष्टींची जुनी खोड आहे. भूमितीत आपण दुसरं काय करतो? 'पक्ष' दिलेला असतो, त्यातूनच 'साध्य' काढायचं असतं.

म्हणून मुलाला ड्रॅगन लिहायला सांगताना असे प्रश्न द्यावेत: तो कुठं राहतो? काय खातो? कशावर बसून असतो, म्हणजे काय राखतो? त्याला काय चालत नाही? गावातली माणसं त्याच्याबद्दल काय सांगतात आणि त्यातलं किती खरं आहे? एवढ्या प्रश्नांची उत्तरं आली, की त्या मुलानं एका जगाचा पाया घातला असं समजा.

आपला ड्रॅगन काय राखेल?

"काय राखतो?" हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सोनं हे उत्तर आयतं असतं, सिनेमातून आलेलं. बीडमध्ये आपला खजिना कोणता, असं विचारून बघा.

बीड शहराजवळ खजाना विहीर आहे. १५८२ च्या सुमारास निजामशाहीतल्या सलाबतखानानं ती बांधवली. राजा भास्कर नावाच्या स्थापत्यकारानं ती रचली असं सांगतात. बांधकामावर सगळा खजिना खर्ची पडला म्हणून तिचं नाव खजाना पडलं. दुष्काळातही पाणी टिकवणारी विहीर म्हणून तिची ख्याती आहे. म्हणजे आपल्या पूर्वजांनी सोनं देऊन पाणी घेतलं आणि त्या पाण्यालाच खजिना म्हटलं. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. ज्या मुलांच्या घरात हे बोललं जातं, त्यांचा ड्रॅगन सोन्यावर कशाला बसेल?

वर्गात हा प्रश्न विचारला, तेव्हा एकाचा ड्रॅगन बोअरमध्ये राहणारा निघाला. चारशे फुटांवर मोटर सोडली, की तो पाचशे फुटांवर सरकतो. दुसऱ्याचा टँकरच्या मागं मागं येतो आणि गळतंय तेवढं चाटतो. सगळे हसले. मग एका मुलीनं वाचलं.

तिचा ड्रॅगन ऊस खातो. दिवाळी झाली की गावात येतो. तो आधी पैसे देतो, मग माणसं नेतो. आई-बाप नेतो, आजी आणि शाळा तेवढी ठेवतो. पाडव्याच्या आसपास माणसं आणून सोडतो, तेव्हा ती खूप झोपतात. तो मरत नाही, कारण पैसे घेतल्यावर त्याला कुणी मारायचं नाही असा नियम आहे.

वर्गात बराच वेळ कुणी बोललं नाही. निम्म्या लेकरांना तो ड्रॅगन ओळखीचा होता. ऊसतोडीची उचल काय असते, यावर आपण मोठी माणसं लेख लिहितो, भाषणं करतो. त्या मुलीनं ती एका ओळीत सांगितली, आधी पैसे देतो, मग माणसं नेतो. 'माझे आई-वडील' असा निबंध दिला असता तर तिनं काय लिहिलं असतं? 'माझी आई खूप प्रेमळ आहे. ती पहाटे लवकर उठते.' गाईडमधलं. जे सरळ सांगता येत नाही, ते ड्रॅगनच्या आडून सांगता येतं. म्हणूनच माणसांनी पुराणं रचली.

तिच्या पानभर मजकुरात शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. त्या दुसऱ्या दिवशी दुरुस्त केल्या. तिनंही आनंदानं केल्या, कारण गोष्ट फळ्याशेजारी लावायची होती.

"पण यानं अंधश्रद्धा वाढेल ना?"

पालकांची ही शंका रास्त आहे आणि बीडसारख्या शेतीच्या जिल्ह्यात तर गंभीरच आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलाय. मरणारे बहुतेक खेड्यातले. आपली मुलं उसाच्या फडात, गंजीजवळ, कोपीत झोपतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही नावं त्यांना पुस्तकाआधी माहीत असतात. अशा मुलांना सापाच्या चमत्कारिक गोष्टी शिकवायच्या का?

माझं उत्तर असं. नागमणी असतो, साप डूख धरतो, तो दूध पितो, मंत्रानं विष उतरतं, हे सगळं मुलांनी आपल्या आधीच ऐकलेलं असतं. धोका तिथं आहे, कारण त्या गोष्टी कुणी 'गोष्ट' म्हणून सांगत नाही, 'खरं' म्हणून सांगतं. ज्या मुलानं स्वतः एक ड्रॅगन रचलाय, त्याचे नियम ठरवलेत, शेजारच्या मित्राला पटतील असे पुरावे पेरलेत, त्याला गोष्ट कशी तयार होते ते आतून कळलेलं असतं. त्याला पुढं कुणी म्हणालं, अमुक वाड्याखाली धन आहे आणि त्यावर नाग बसलाय, तर तो विचारेल, "हे तुम्ही पाहिलं, की रचलं?"

म्हणून ड्रॅगनच्या तासाला जोडून एक तास विज्ञानाचा घ्यावाच. फळ्यावर दोन रकाने करायचे. एकात 'गोष्टीतला साप', दुसऱ्यात 'बांधावरचा साप'. पहिल्यात वासुकी, वृत्र, धनावरचा भुजंग. दुसऱ्यात: सापाला बाहेरचे कान नसतात, पुंगीच्या सुरावर नाही तर तिच्या हालचालीवर तो डोलतो. दूध हे त्याचं अन्न नाही. चावल्यावर जखम कापायची नाही, चोखायची नाही, करकचून बांधायची नाही, माणसाला न हलवता, न पळवता, थेट सरकारी दवाखान्यात न्यायचं. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप-विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे, हेही मुलांना सांगावं. आपल्या जिल्ह्यात शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी हा जखमी वन्यजीवांवर उपचार करणारा प्रकल्प आहे. तिथं सहल काढता आली तर उत्तमच.

नागपंचमीच्या कहाणीतही नांगरामुळं पिल्लं मरतात आणि म्हणून त्या दिवशी जमीन खणायची नाही असा रिवाज आला. गोष्ट म्हणून ती किती सुंदर आहे! श्रावणात बिळं पाण्यानं भरतात, साप बाहेर येतात, तेव्हा जरा जपून, असाही अर्थ तिच्यातून काढता येतो. गोष्टीला गोष्टीचा मान द्यावा, सापाला सापाचा.

वर्गात कसं घ्यावं

दुसरी शंका शिक्षकांची असते. "परीक्षेत ड्रॅगन येत नाही हो." ड्रॅगन येत नाही, पण दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत कथालेखन असतं, आत्मकथन असतं. तिथं पाठ केलेलं कामाला येत नाही आणि मुलं अडून बसतात. पाचवीपासून ज्यानं जग रचायची सवय केलीय, त्याला 'पडक्या विहिरीचे आत्मकथन' जड जायचं नाही.

चार तासांत हे बसतं:

१. पहिला तास ऐकण्याचा. वृत्र, वासुकी, कीर्तिमुख आणि एखादा बाहेरचा ड्रॅगन. घरी जाऊन आजीला विचारायचं, "आपल्या गावात असलं जनावर कुठं होतं?" डोह, बारव, गढी, काहीतरी निघतंच.

२. दुसरा तास नियमांचा. वर दिलेले पाच प्रश्न. चित्र काढायचं, गावाचा नकाशा काढायचा. जे मूल लिहायला मागं पडतं, ते इथं पुढं येतं.

३. तिसरा तास लिहिण्याचा आणि वाचून दाखवण्याचा. या तासाला लाल पेन कपाटात. शिक्षकानं फक्त एक प्रश्न विचारायचा आणि तो ड्रॅगनबद्दलचाच असला पाहिजे. मुलं बोलीत लिहीत असतील तर लिहू द्यावं. 'आलंय', 'व्हतं', 'इचारलं' यांनी गोष्टीचं काही बिघडत नाही.

४. चौथा तास दुरुस्तीचा. आता वेलांट्या, अनुस्वार, विरामचिन्हं. दुरुस्ती कशासाठी, तर दुसऱ्या वर्गातल्या मुलांना आपला ड्रॅगन नीट वाचता यावा म्हणून. कारण कळलं की मुलं स्वतःच्या चुका स्वतः शोधतात.

पालकांना एवढंच सांगणं, की मूल ड्रॅगनची वही घेऊन आलं तर अक्षर बघण्याआधी विचारा, "हा राहतो कुठं? खातो काय?" मोबाईलवरून आयता निबंध उतरवून देऊ नका. तो बिनचूक असेल, पण तुमच्या लेकराचा नसेल. आणि दिवाळीनंतर ज्यांचे आई-बाप फडावर गेलेत, त्या मुलांची वही वाचायला घरी कुणी नसतं. त्यांच्यासाठी ते काम आपल्याकडंच येतं, गुरुजनहो. ते लाल पेनाआधी करायचं आहे.